सव्वासहाच्या बसची मीटिंग

सेक्रेटरी म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात, साहेबांचा चहा आणि साहेबांचा राग. दोन्ही मी सांभाळले, नाही म्हणत नाही. पण माझं खरं काम होतं साहेबांची वेळ सांभाळायचं. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी ते केलं. आधी डायरीत, आणि नंतरची बरीच वर्षं ऑफिसच्या ईमेलसोबत येतं त्या कॅलेंडरमध्ये. या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडं कारकिर्दीचा आढावा मागितला होता. आढावा घ्यायला मी काय कारखाना काढला नव्हता. मी एका बसची गोष्ट सांगणार आहे. त्या बसपायी राजेश्वरी गड्डम या आमच्या सहकारी बाईंचं हक्काचं पद हातातून जायला आलं होतं, आणि मला ते जाऊ द्यायचं नव्हतं.

आधी हे कॅलेंडर काय प्रकरण आहे ते सांगते, कारण आमच्या घरच्यांनाही ते अजून नीट कळलेलं नाही. यजमानांना वाटतं, भिंतीवर आपण दुधाचे खाडे आणि गॅस लावल्याची तारीख लिहितो, तसंच काहीतरी असेल. तसं नाही. भिंतीवरचं कॅलेंडर आपल्या घरात असतं. ऑफिसातलं सगळ्यांना दिसतं. तुमच्या दिवसात कुठं काम आहे आणि कुठं मोकळं आहे, हे मुंबईत बसलेल्या माणसाला दिसतं. मोकळं दिसलं की तो तिथं मीटिंग टाकतो. विचारतबिचारत नाही. म्हणजे ते गायरानच झालं, ज्याला वाटेल त्यानं आपली गुरं सोडावीत. कुंपण घालायची सोय त्याच प्रोग्रॅममध्ये असते, पण ते आपलं आपण घालायचं असतं, आणि हे बहुतेकांना निवृत्त होईपर्यंत कळत नाही.

मला ते एका जर्मन पाहुण्यामुळं कळलं. आमच्या कारखान्याची साप्ताहिक सुट्टी शनिवारी. एमआयडीसीत सगळे एकाच दिवशी बंद राहू नयेत, विजेचा भार वाटला जावा, म्हणून ज्याची त्याची सुट्टी वेगवेगळी पडत आली आहे. रविवारी अख्खं सोलापूर आरामात उठतं तेव्हा आमचे माग धडाधड चालू असायचे. पण कॅलेंडर बसवलं मुंबईच्या हेड ऑफिसनं. त्यांनी स्वतःच्या ऑफिससारखा रविवार सुट्टीचा धरला आणि शनिवार उघडा ठेवला. जर्मनीच्या खरेदीदाराच्या माणसानं शनिवार मोकळा बघून भेट मागितली. आमच्या बिराजदारसाहेबांनी, म्हणजे कारखान्याच्या मॅनेजरनी, कुठल्याशा लग्नाच्या मांडवात जेवता जेवता फोनवर ‘हो’ दाबलं आणि विसरून गेले.

पाहुणा आला तेव्हा गेटवर वॉचमन आणि दोन कुत्री. वॉचमननं त्याला खुर्ची दिली, आणि जेवणाची वेळ झाली म्हणून आपल्या डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढं केली. चटणीनं त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यानं मागून खाल्ली म्हणे. रविवारी परत आला, माल बघितला, ऑर्डर दिली. जाताना चटणीची पुडी बांधून घेतली. तो गेल्यावर साहेबांनी मला झापलं. लग्नात ‘हो’ त्यांनी दाबलं आणि झापलं मला, आमच्या धंद्यात हे असंच असतं.

पण त्या दिवसापासून मी त्या प्रोग्रॅमची एकेक खिडकी उघडून बघायला लागले. कामाचे दिवस बदलता येतात, कामाचे तास ठरवता येतात. साहेबांच्या कॅलेंडरचा ताबा मला देता येतो, म्हणजे त्यांच्या वतीनं ‘हो’ आणि ‘नाही’ मी म्हणायचं. परदेशातल्या माणसाशी बोलायचं असेल तर दोन गावांच्या वेळा शेजारी शेजारी दिसतात. आणि सगळ्यात गंमत म्हणजे निर्जीव वस्तूलासुद्धा खातं काढून देता येतं. आमच्या मीटिंग हॉलवरून अकाउंट्सवाले आणि मेंटेनन्सवाले यांची रोजची भांडणं. मी हॉललाच खातं काढून दिलं. आता हॉलला आमंत्रण पाठवायचं. रिकामा असेल तर हॉल स्वतः ‘येतो’ म्हणून कळवतो, नसेल तर ‘जमणार नाही’ म्हणतो. मेंटेनन्सचे लोक पहिल्यांदा हसले. मग हॉलनं त्यांना दोनदा नाही म्हटल्यावर ते माझ्याशी बोलेनासे झाले. हॉलवर रागवायची सोय नव्हती ना.

आता राजेश्वरी. आमच्याच भवानी पेठेतल्या विणकर घरातली, टेक्सटाइलचा डिप्लोमा केलेली, आणि तोंडानं तिखट. टॉवेलची कड हातात घेतली की ही कुठल्या मागावरची आणि कुणाच्या शिफ्टची ते सांगायची, आणि त्या शिफ्टवाल्याच्या तोंडावर सांगायची. त्यामुळं ती सगळ्यांना आवडायची असं काही नव्हतं. क्वालिटीचे जुने प्रमुख निवृत्त झाले आणि ती जागा तिची, हे कारखान्यात न बोलता ठरल्यासारखं होतं. बिराजदारसाहेबांनी तिचं नाव वर पाठवलंही.

त्याच सुमाराला हेड ऑफिसला प्रधानसाहेब नवीन आले. हुशार माणूस, उगाच वाईट बोलणार नाही. त्यांनी रोज संध्याकाळी साडेसहाला क्वालिटीची ऑनलाइन मीटिंग सुरू केली. मुंबईत त्यांचं ऑफिस उशिरा भरतं, त्यांच्या साडेसहाला दिवस ऐन रंगात असतो. आमची कंपनीची बस मात्र सव्वासहाला सुटते. चिंचोळीहून निघते ते सोलापुरात सात रस्ता चौकाला येते आणि तिथून बायका आपापल्या पेठेत पांगतात. ऑफिस, लॅब, डिस्पॅच, सगळ्या मिळून बसभर बायका. पुरुषांकडं मोटरसायकली. बस चुकली तर हायवेला अंधारात उभं राहून वडापला हात करायचा आणि जीप थांबली तर पुरुषांच्या गर्दीत अंग चोरून बसायचं. राजेश्वरीच्या घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. दिवसा सांभाळणारी बाई साडेसातला निघून जायची. ती थांबणार कशी?

तरी तिनं बसमधून फोनवर मीटिंग करून बघितली. मी शेजारीच बसले होते. ड्रायव्हर सिद्राम अक्कलकोटकडचा. त्याची कन्नड भजनं मोठ्यानं लावलेली, मागून ट्रकचे हॉर्न, आणि ही ओरडून सांगतेय की निळ्या लॉटची छटा हलकी आली आहे. प्रधानसाहेबांनी विचारलं, तुम्ही लग्नात आहात का. बसमधल्या बायका हसल्या आणि तेही तिकडं ऐकू गेलं. मी सिद्रामला म्हटलं, पाच मिनिटं बंद कर बाबा. तो म्हणाला, “बाई, गाणं बंद करतो की. हॉर्न माझ्या बापाचा हाय व्हय?”

आठवड्याभरानं हेड ऑफिसचा निरोप आला. बाई कामाला चांगल्या आहेत, पण संध्याकाळच्या मीटिंगला त्यांची हजेरी नाही. प्रमुखाला उपलब्ध असायला हवं. दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर पुण्याहून माणूस देऊ. म्हणजे टॉवेल ओळखता येतो की नाही हा प्रश्नच नव्हता. अंधारात हायवेला उभं राहता येतं की नाही, एवढीच परीक्षा.

मला राग आला. खोटं कशाला बोलू, लई आला. कारण हे मी आधी बघितलं होतं. डिस्पॅचमध्ये महादेवी नावाची मुलगी होती, हिशेबाला आणि बोलायला दोन्हीकडं पक्की. अशाच संध्याकाळच्या कामापायी रोज घरी भांडण व्हायचं. शेवटी तिनं राजीनामा दिला, आणि सगळे म्हणाले, लग्न झालं की मुलींचं असंच होतं. तेव्हा माझ्या हातात डायरी होती, आणि डायरीतून मुंबईला काही दिसत नाही. आता माझ्या हातात कॅलेंडर होतं.

राजेश्वरीला मी म्हटलं, काहीतरी करते. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, “अक्का, माझ्यासाठी कुणाच्या पाया पडू नका. मला सवलत नको. उजेडात मीटिंग घ्या म्हणावं, एकेक पीस समोर धरून बोलते.” पाया पडायचा माझा विचार नव्हताच. आमच्या घरी ती पद्धतच नाही.

मी एक मीटिंग तयार केली. विषय लिहिला ‘बस’. वेळ, संध्याकाळी सहा ते सव्वासात. रोज, शनिवार सोडून. प्रोग्रॅम विचारतो, ही मीटिंग कधी संपवायची? तिथं तारीख टाकता येते, नाहीतर ‘शेवट नाही’ असा एक पर्याय असतो. मी ‘शेवट नाही’वर टिचकी मारली. मग हॉलला काढलं होतं तसं बसलाही खातं काढलं, आणि बसला आमंत्रण पाठवलं. बसनं लगेच ‘येते’ म्हणून कळवलं. बसमधल्या सगळ्या बायकांना आमंत्रण पाठवलं. आणि शेवटी बिराजदारसाहेबांना पाठवलं. त्यांच्या वतीनं ‘हो’ म्हणायचा अधिकार कुणाकडं होता ते वर सांगितलंच आहे. मी त्यांच्या वतीनं ‘हो’ म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मुंबईतून प्रधानसाहेबांच्या सेक्रेटरीचा फोन आला. साडेसहाला तुमच्याकडचं कुणीच मोकळं दिसत नाही, मॅनेजरसुद्धा नाहीत, काय झालंय? मी काय झालंय ते सांगितलं. तिनं कॅलेंडर उघडलं. मग म्हणाली, प्रोग्रॅम दुपारी साडेतीन सुचवतोय, तेव्हा सगळे मोकळे आहेत, तिथं टाकू का? मी म्हटलं, टाका की. आम्हा सेक्रेटरींची आपापसात फार बोलाचाली लागत नाही.

साडेतीनच्या मीटिंगा आठवडाभर चालल्या आणि त्यातून एक गोष्ट निघाली जी माझ्याही डोक्यात नव्हती. संध्याकाळी साडेसहाला चूक सापडली तर माल पॅक होऊन गाडीत चढलेला असायचा, दुसऱ्या दिवशी उतरवायचा. साडेतीनला सापडली तर दुसऱ्या शिफ्टचे लोक आत येत असायचे, त्यांनाच सांगून माग थांबवता यायचा. राजेश्वरी खिडकीशी उभी राहून उन्हात टॉवेल धरायची आणि मुंबईच्या लोकांना छटेतला फरक पडद्यावरसुद्धा दिसायचा. मग प्रधानसाहेबांच्या लक्षात आलं की आपली मीटिंग आपल्याला न विचारता सरकलीय. त्यांनी स्वतः ती परत साडेसहाला टाकली, आणि आमच्याकडची सगळी नावं उचलताना बसचंही नाव उचललं. बसनं त्यांना कळवलं की जमणार नाही.

त्यानंतर ते स्वतःच सोलापूरला आले. माल बघायला म्हणून आले, पण दुपारी बिराजदारसाहेबांच्या केबिनमध्ये मला बोलावणं आलं. आत राजेश्वरीही उभी होती. प्रधानसाहेबांनी लॅपटॉप माझ्याकडं वळवला.

“मॅडम, ही ‘बस’ काय मीटिंग आहे?”

“रोजची आहे, सर.”

“अजेंडा काय?”

“घरी पोचायचं.”

ते हसले नाहीत. ही थट्टा आहे, ऑफिसच्या साधनांचा गैरवापर आहे, आजच्या आज काढून टाका, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. त्या शांतपणाची मला ओरडण्यापेक्षा जास्त भीती वाटली. माझी निवृत्ती तोंडावर होती, आणि आमच्याकडं सेक्रेटरीला एखाद्या वर्षाची मुदतवाढ मिळायची पद्धत होती. ती यांच्याच सहीनं मिळणार होती. मला ती हवी होती, घरी बसायची माझी तयारी नव्हती. हे सगळं मला त्या क्षणी आठवत होतं. तरी मी म्हटलं, “सर, तुमच्या कॅलेंडरमध्ये आज दुपारी ‘प्रवास’ म्हणून लिहिलंय. मागच्या आठवड्यात दोनदा विमानतळाचा प्रवास होता. सगळ्यांना दिसतो, आणि त्यावर कुणी मीटिंग टाकत नाही. तुमचा प्रवास काम आणि आमच्या बायकांचा प्रवास थट्टा, हे कसं?”

 प्रधानसाहेब बिराजदारसाहेबांकडं वळले आणि विचारलं, तुम्हीही या मीटिंगला जाता? तुमचं नाव आहे यात.

आता माझी तंतरली. साहेबांना मी काही सांगितलंच नव्हतं. त्यांच्याकडं रोज इतकी आमंत्रणं यायची की ते बघायचेच नाहीत. त्यांनी चष्मा लावला, पडद्याजवळ गेले, आणि तोंडातल्या तोंडात कन्नडमध्ये “एनिदु?” म्हणाले, म्हणजे हे काय. मग माझ्याकडं बघितलं. तसं ते मला हजारदा बघायचे, चहा गार झाला की बघायचे, फाइल सापडली नाही की बघायचे. मी मान खाली घातली नाही.

“आमंत्रण आलंय,” ते म्हणाले, “आणि मी हो म्हटलंय. ‘हो’ म्हटल्यावर जायला पाहिजे.”

मग राजेश्वरी बोलली. सर, मीटिंग चुकवायची असती तर मी साडेतीनलाही चुकवली असती. आठवड्यात किती लॉट गाडीतून उतरवावे लागले ते डिस्पॅचला विचारा. प्रधानसाहेबांनी खरोखरच फोन उचलून विचारलं. एकही नाही, असं उत्तर आलं. हुशार माणूस आहे असं मी सुरुवातीला म्हटलं ते उगाच नाही. लॅपटॉप मिटत ते म्हणाले, साडेतीन राहू द्या. बसबद्दल ते पुढं काही बोलले नाहीत, आणि काढून टाका असंही परत म्हणाले नाहीत.

संध्याकाळी सव्वासहाला मी बसमध्ये चढले तर पहिल्या सीटवर बिराजदारसाहेब. त्यांची गाडी आणि ड्रायव्हर फाटकाबाहेर रिकामे उभे. सिद्रामचं भजन बंद. सात रस्त्याला उतरताना ते मला एवढंच म्हणाले, “बनसोडेबाई, पुढच्या वेळी मला कुठं न्यायचं असेल तर आधी सांगत जा.” दुसऱ्या दिवसापासून ते आपल्या गाडीनंच गेले, पण साडेसहाची मीटिंग त्यांनी नंतर कुणाचीच घेतली नाही.

दिवाळीच्या आधी राजेश्वरीचं पत्र आलं. क्वालिटीची प्रमुख. लॅबच्या बायकांनी पेढे वाटले आणि मेंटेनन्सवाल्यांनीही खाल्ले.

मला मुदतवाढ मिळाली नाही. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. वाईट वाटलं. अजूनही सकाळी बसची वेळ झाली की पाय आपोआप चपला शोधतात. पण परत तसा प्रसंग आला तर मी तेच करीन. साहेबांना आधी सांगेन, एवढाच फरक.

मी निघाले त्या दिवशी आयटीवाल्यांनी माझं खातं बंद केलं. काही महिन्यांनी राजेश्वरीचा फोन आला, हसू आवरत नव्हतं. हेड ऑफिसनं फतवा काढला होता, जुन्या, बिनकामाच्या, रोज चालणाऱ्या मीटिंगा सगळ्यांनी साफ करा. ‘बस’वर कुणाचा तरी डोळा गेला. पण त्या प्रोग्रॅमचा नियम असा आहे की मीटिंग ज्यानं बोलावली त्यानंच ती रद्द करायची. बाकीच्यांनी फार तर आपापल्या कॅलेंडरमधून आपल्यापुरती काढायची. बोलावणारी मी, आणि माझं खातं तर त्यांनीच बंद केलेलं. वरून खटपट करून काढता येते म्हणे, पण त्यासाठी कुणीतरी तसं लेखी मागायला लागतं. ‘बायकांची बस काढून टाका’ असं लिहून खाली सही करायला अजून कुणी तयार झालेलं नाही.

मी विचारलं, आपल्यापैकी कुणी काढली का. ती म्हणाली, कोण काढंल अक्का? उलट लॅबला नवीन मुलगी लागली की मी पहिल्याच दिवशी तिला ते आमंत्रण पुढं पाठवते. ती विचारते, ह्या एन. बनसोडे कोण?

तेव्हा हेड ऑफिसला माझं जाहीर सांगणं आहे. ती मीटिंग रद्द करायची असेल तर नियमाप्रमाणं बोलावणारीला भेटावं लागेल. भवानी पेठेत कुणालाही माझं घर विचारा, दाखवतील. संध्याकाळी मी घरीच असते.